जर्मन सर्वनामे आणि क्रियापदांची मूळ रूपे : एका तक्त्याचा इतिहास

१. प्रस्तावना

जर्मन भाषेच्या पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्याच्या हाती एक छोटा तक्ता येतो. एका बाजूला कर्तृवाचक सर्वनामे, दुसऱ्या बाजूला क्रियापदाची रूपे. बहुतेक विद्यार्थी तो पाढ्यासारखा पाठ करतात. पाठ केल्याशिवाय भाषा येत नाही, हे खरेच. पण पाठ करताना काही प्रश्न मनात उभे राहतात आणि वर्गात वेळ नसल्यामुळे ते तसेच राहून जातात. 'ती', 'ते सगळे' आणि 'आपण' (मानार्थी) या तिन्हींसाठी एकच शब्द का? आदराने बोलताना क्रियापद अनेकवचनी का होते? 'असणे' या क्रियापदाची रूपे एकमेकांशी अजिबात न जुळणारी का आहेत?

या प्रश्नांची उत्तरे व्याकरणाच्या नियमांत नाहीत, ती इतिहासात आहेत. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवताना माझा अनुभव असा आहे की एखादी गोष्ट अशी का झाली हे कळले, की ती लक्षात ठेवण्याचे ओझे निम्मे होते. या पाठात आपण हा तक्ता कसा घडला ते पाहणार आहोत. त्यात दोन प्रकारचे इतिहास एकत्र आले आहेत. एक आहे ध्वनींच्या झिजेचा, जो कोणी ठरवून केला नाही. दुसरा आहे समाजातील उच्चनीचतेचा, जो माणसांनीच घडवला. हे दोन्ही वेगळे ओळखता येणे, हा या पाठाचा मुख्य हेतू आहे.

२. आजचा तक्ता

प्रथम तक्ता समोर ठेवू. क्रियापद घेऊ 'लेर्नेन', म्हणजे शिकणे. त्यातील 'लेर्न' हा मूळ भाग आणि 'एन' हा प्रत्यय.

मी : इश लेर्ने
तू : डू लेर्न्स्ट
तो, ती, ते : एअर, झी, एस लेर्न्ट
आम्ही, आपण : वीअर लेर्नेन
तुम्ही (अनेकजण) : ईअर लेर्न्ट
ते, त्या, ती (अनेकवचन) : झी लेर्नेन
आपण (मानार्थी, एक किंवा अनेक) : झी लेर्नेन

'झी'मधला झ 'झरा'मधल्या झ सारखा उच्चारावा. मानार्थी 'झी' लिहिताना पहिले अक्षर मोठ्या लिपीत लिहितात, बाकीच्या 'झी' लहान अक्षराने सुरू होतात. बोलताना मात्र हा फरक ऐकू येत नाही.

मराठी विद्यार्थ्याला यातील दोन गोष्टी सोप्या जातात. एक, तिन्ही लिंगे : एअर, झी, एस म्हणजे आपले तो, ती, ते. दोन, पुरुषानुसार बदलणारे क्रियापद. एका बाबतीत तर जर्मन मराठीपेक्षा सोपी आहे. आपण 'तो शिकतो, ती शिकते' असे म्हणतो, जर्मनमध्ये लिंगानुसार क्रियापद बदलत नाही. मुलगा असो वा मुलगी, 'लेर्न्ट' हेच रूप.

३. संस्कृतशी नाते कसे लक्षात आले

१७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढील भाषणात विल्यम जोन्स यांनी असे मत मांडले की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातील साम्य योगायोगाचे असू शकत नाही, या भाषा एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात. गॉथिक भाषाही त्याच कुळातील असावी, असे त्यांनी सुचवले. गॉथिक ही जर्मन भाषेची एक जुनी, आज लुप्त झालेली चुलतबहीण. चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपने बायबलचे गॉथिकमध्ये भाषांतर केले. जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईने लिहिलेली त्याची एक प्रसिद्ध प्रत आज स्वीडनमधील उप्साला येथे आहे.

जोन्स यांचे मत हा एक अंदाज होता. त्याला पद्धतशीर पुरावा दिला तो फ्रान्झ बॉप या तरुण जर्मन अभ्यासकाने. पॅरिसमध्ये राहून तो संस्कृत शिकला आणि १८१६ साली फ्रँकफुर्ट येथे त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. संस्कृत क्रियापदांची रूपे आणि ग्रीक, लॅटिन, फारसी व जर्मानिक भाषांतील रूपे यांची तुलना हा त्या ग्रंथाचा विषय होता. म्हणजे तौलनिक भाषाशास्त्राची पायाभरणी झाली ती क्रियापदांच्या तक्त्यांवर. बॉपचे म्हणणे असे की एखाददुसरा शब्द उसना घेता येतो, पण 'मी, तू, तो' यांचे प्रत्यय कोणी सहसा उसने घेत नाही.

'भृ' धातूची (वाहून नेणे) रूपे घ्या. संस्कृतमध्ये भरामि, भरसि, भरति, भरामः, भरथ, भरन्ति. गॉथिकमध्ये हेच शब्द बेरा, बेरिस, बेरिथ, बेराम, बेरिथ, बेरांड असे होतात. दुसऱ्या पुरुषातील 'स', तिसऱ्या पुरुषातील 'ति'चा 'थ', पहिल्या पुरुषाच्या अनेकवचनातील 'म', आणि तिसऱ्या पुरुषाच्या अनेकवचनातील 'न्त'. हा सांगाडा दोन्हीकडे एकच आहे.

सर्वनामांचेही तसेच. 'डू' आणि 'त्वम्' एकाच मुळाचे. जेथे संस्कृतमध्ये त आहे तेथे जर्मनमध्ये ड येतो, आणि इंग्रजीत बहुधा थ किंवा द सारखा ध्वनी येतो. 'त्रि' म्हणजे जर्मनमध्ये 'द्राय' आणि इंग्रजीत 'थ्री'. 'तनु' म्हणजे जर्मनमध्ये 'ड्युन' आणि इंग्रजीत 'थिन'. ही नियमितता याकोब ग्रिम याने १८२२ च्या आपल्या जर्मन व्याकरणाच्या दुसऱ्या आवृत्तीत मांडली. परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांपैकी तो थोरला.

'वीअर' आणि 'वयम्' यांचे साम्य ऐकताच जाणवते. 'ईअर' आणि 'यूयम्' यांचे मात्र नाही. गॉथिकमध्ये 'तुम्ही'साठी 'यूस' हा शब्द होता आणि तो 'यूयम्'च्या जवळचा आहे. पुढे जर्मनच्या पूर्वरूपात शेजारच्या 'आम्ही'च्या शब्दाची छाया पडून त्याचा स्वर बदलला. पाढ्यात शेजारी असणारे शब्द एकमेकांना ओढतात, त्याचे हे उदाहरण.

'इश' हा 'अहम्'चा सख्खा नातेवाईक आहे. लॅटिन 'एगो', गॉथिक 'इक', जर्मन 'इश'. येथे एक गंमत आहे. मराठीतील 'मी' आणि हिंदीतील 'मैं' हे 'अहम्'पासून आलेले नाहीत. ते 'मया' या तृतीयेच्या रूपापासून आले. 'अहम्'चा वारसा चालवतो तो गुजरातीतील 'हुं'. म्हणजे गुजराती विद्यार्थी जेव्हा 'हुं' म्हणतो तेव्हा तो जर्मन 'इश'च्या अधिक जवळ असतो.

हीच तौलनिक पद्धत आपल्या भाषांना लावण्याचे काम रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी केले. १८७७ साली मुंबईत दिलेल्या विल्सन व्याख्यानांत त्यांनी संस्कृतपासून मराठी, हिंदी, गुजराती इत्यादी भाषा कशा घडल्या ते दाखवले. १८८५ साली जर्मनीतील ग्योटिंगन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. जर्मन पंडित फ्रान्झ कीलहॉर्न हे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अनेक वर्षे शिकवून नंतर त्याच ग्योटिंगनला प्राध्यापक झाले. म्हणजे ही देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होती.

दोन सावधगिरीच्या सूचना येथे आवश्यक आहेत. पहिली, संस्कृत ही जर्मनची आई नव्हे. दोघी बहिणी आहेत आणि त्यांची आई आज उपलब्ध नाही. दुसरी, भाषेचे नाते म्हणजे रक्ताचे नाते नव्हे. एकोणिसाव्या शतकात या भाषिक शोधावरून वंशश्रेष्ठत्वाचे सिद्धांत रचले गेले आणि विसाव्या शतकात त्यांचे भयंकर परिणाम झाले. माक्स म्यूलर यांनी १८८८ मध्येच बजावले होते की 'आर्य' हा शब्द भाषेपुरता आहे, वंशाला तो लावू नये.

४. 'असणे' : एका क्रियापदात तीन धातू

जर्मनमधील 'झाइन' म्हणजे असणे. त्याची वर्तमानकाळी रूपे अशी : इश बिन, डू बिस्ट, एअर इस्ट, वीअर झिंड, ईअर झाइड, झी झिंड. भूतकाळात 'वार', आणि पूर्ण काळात 'गेवेझेन'. विद्यार्थी याला 'अनियमित क्रियापद' म्हणून सोडून देतात. प्रत्यक्षात येथे तीन नियमित धातू एकत्र नांदत आहेत.

पहिला धातू संस्कृत 'अस्'चा सोबती. 'इस्ट' म्हणजे 'अस्ति', 'झिंड' म्हणजे 'सन्ति'. दुसरा धातू 'भू'चा सोबती. 'बिन' आणि 'बिस्ट' यांच्या सुरुवातीचा ब तेथून आला. जुन्या जर्मनमध्ये 'बिन'चे रूप 'बिम' असे होते आणि शेवटचा म तोच, जो 'अस्मि'मध्ये आहे. तिसरा धातू 'वस्'चा सोबती, म्हणजे राहणे. त्यातून 'वार' आणि 'गेवेझेन' आले. जो जेथे राहिला तो तेथे होता, असा अर्थाचा प्रवास.

'गेवेझेन'मध्ये झ आणि 'वार'मध्ये र का, असा प्रश्न पडेल. पूर्वी एकवचनात 'वास' आणि अनेकवचनात 'वारेन' असे होते. इंग्रजीत 'वॉज' आणि 'वेअर' हा फरक अजून टिकून आहे. जर्मनने नंतर दोन्हीकडे र आणून एकसारखेपणा केला. मुळात स आणि र असा भेद का पडला, हे १८७० च्या दशकात डेन्मार्कच्या कार्ल वेर्नर याने दाखवले. त्यासाठी त्याला आधार मिळाला तो वैदिक संस्कृतमधील स्वराघातांचा. हजारो मैल दूर पाठांतराने जपलेल्या उच्चारांनी जर्मन ध्वनींचे कोडे सोडवले.

मराठीतही हे तीन धातू आहेतच. 'असणे' हे 'अस्'पासून, 'होणे' हे 'भू'पासून, आणि 'वसणे', 'वस्ती' हे 'वस्'पासून. आपण ते वेगवेगळी क्रियापदे म्हणून वापरतो, जर्मनने ते एकाच तक्त्यात बसवले, इतकाच फरक.

५. प्रत्यय कसे झिजले आणि कसे वाढले

जर्मन भाषेच्या इतिहासाचे साधारणपणे असे टप्पे करतात : इ.स. ७५० ते १०५० प्राचीन उच्च जर्मन, १०५० ते १३५० मध्य उच्च जर्मन, आणि त्यानंतर आधुनिकतेकडे वाटचाल. येथे 'उच्च' म्हणजे श्रेष्ठ नव्हे, तर दक्षिणेकडील डोंगराळ, उंच प्रदेशातील भाषा.

प्राचीन काळात प्रत्ययांचे स्वर स्पष्ट आणि वेगवेगळे होते. 'वाहून नेणे' याची रूपे बिरू, बिरिस, बिरिट, बेरेमेस, बेरेट, बेरांट अशी होती. सहा घरे, सहा वेगळे प्रत्यय. जर्मानिक भाषांत जोर शब्दाच्या पहिल्या अवयवावर स्थिरावला होता, त्यामुळे शेवटचे अवयव हळूहळू दुबळे झाले. वेगवेगळे स्वर जाऊन सगळीकडे एकच फिका 'ए' उरला. मग 'बिरिट' आणि 'बेरेट' यांच्या शेवटी एकच 'ट' ऐकू येऊ लागला. 'एअर लेर्न्ट' आणि 'ईअर लेर्न्ट' ही दोन रूपे सारखी दिसतात ती या प्रकारच्या झिजेमुळे. एकाच्या मागे 'भरति'चा 'ति' आहे, दुसऱ्याच्या मागे 'भरथ'चा 'थ'. 'आम्ही' आणि 'ते' यांची रूपे एकसारखी होण्याचे कारणही असेच. मध्य उच्च जर्मनमध्ये 'ते'साठी 'एंट' हा प्रत्यय अजून वेगळा होता, नंतर त्यातील ट गळून 'एन' राहिला. फक्त 'झिंड'ने तो शेवटचा ध्वनी जपून ठेवला.

झिजेच्या उलट घडलेली गोष्ट म्हणजे 'डू'चा प्रत्यय. तो मुळात फक्त 'स' होता, 'भरसि'मधल्यासारखा. मराठीत 'तू शिकतोस'मध्ये जो स आहे, तोही शेवटी याच जुन्या 'सि'पर्यंत जातो. मग जर्मनमध्ये 'स्ट' कोठून आला? प्रश्न विचारताना किंवा वाक्याच्या ओघात सर्वनाम क्रियापदानंतर येई. तेव्हा 'थू' किंवा 'डू' हे सर्वनाम क्रियापदाला चिकटून 'निमिस्टू' असा एकसंध उच्चार होई. ऐकणाऱ्याने तो 'निमिस्ट डू' असा तोडला. सर्वनामाचा पहिला ध्वनी क्रियापदाच्या पदरात पडला आणि कायमचा राहिला. 'बिस्ट', 'कान्स्ट' अशा रूपांनीही त्याला हातभार लावला. म्हणजे 'डू लेर्न्स्ट' म्हणताना आपण एका अर्थी 'तू' दोनदा म्हणत असतो.

असेच दुसरे उदाहरण बोलीभाषांत आहे. अनेक दक्षिणी बोलींत 'वीअर'ला 'मीर' म्हणतात. 'हाबेन वीअर' हे भराभर बोलताना न आणि व मिळून म झाला आणि लोकांनी 'मीर' हेच सर्वनाम धरले. यिद्दिश भाषेतही 'मीर' आहे.

प्राचीन जर्मानिक भाषांत द्विवचनही होते. गॉथिकमध्ये 'आम्ही दोघे' यासाठी 'वित' असे स्वतंत्र सर्वनाम होते, जसे संस्कृतमध्ये 'आवाम्'. प्रमाण जर्मनमधून द्विवचन पूर्ण गेले, पण बव्हेरियाच्या बोलीत 'तुम्ही'साठी वापरला जाणारा 'एस' हा जुन्या द्विवचनाचाच अवशेष आहे.

या सगळ्याचा एक व्यावहारिक परिणाम लक्षात ठेवण्याजोगा आहे. गॉथिकमध्ये सर्वनाम बहुधा गाळले जाई. मराठीत आपण 'जातोस का?' एवढेच म्हणतो, कारण 'स' सांगतो की कर्ता 'तू' आहे. तेलुगू, कन्नड बोलणाऱ्यांनाही हे परिचित आहे. जर्मनमध्ये प्रत्यय झिजले आणि 'लेर्नेन' हे एकटे रूप कोणाचे ते कळेनासे झाले. सर्वनाम सक्तीचे होण्यामागे वाक्यरचनेतील इतर बदलही होते, पण आजचा नियम स्पष्ट आहे : लिहिताना कर्ता गाळायचा नाही. भारतीय विद्यार्थ्यांकडून ही चूक वारंवार होते.

६. मधलाच स्वर का बदलतो

'श्प्रेखेन' म्हणजे बोलणे. 'इश श्प्रेखे', पण 'डू श्प्रिष्स्ट', 'एअर श्प्रिष्ट'. 'फारेन' म्हणजे वाहनाने जाणे. 'इश फारे', पण 'डू फेअर्स्ट', 'एअर फेअर्ट'. बदल नेमका 'तू' आणि 'तो' या दोन घरांतच का होतो?

वर दिलेली प्राचीन रूपे पुन्हा पाहा : बिरिस, बिरिट. याच दोन प्रत्ययांत 'इ' होता. पुढे येणाऱ्या 'इ'च्या तयारीत जीभ आधीच वर जाते आणि मागचा स्वर बदलतो. म्हणून 'फारू' पण 'फेरिस', 'फेरिट'. नंतर प्रत्ययातील 'इ' झिजून गेला, पण त्याने केलेला बदल राहिला. कारण गेले, परिणाम उरला. पूर्वी 'मी'च्या घरातही 'इश श्प्रिखे' असे होते, कारण प्रत्ययातील 'उ'चाही काही स्वरांवर तसा परिणाम होई. नंतर तेथे अनेकवचनाच्या धर्तीवर 'श्प्रेखे' झाले. म्हणून आज फक्त दोनच घरे वेगळी दिसतात.

७. एक 'झी', तीन अर्थ

आता मूळ कोड्याकडे वळू. त्याचे दोन भाग आहेत.

पहिला भाग ध्वनींचा. प्राचीन उच्च जर्मनमध्ये 'ती'साठी 'सिउ' हा शब्द होता. अनेकवचनात तीन लिंगांना तीन शब्द होते : पुल्लिंगी 'सिए', स्त्रीलिंगी 'सिओ', नपुंसकलिंगी 'सिउ'. हे मराठी वाचकाला लगेच ओळखीचे वाटेल : ते, त्या, ती. आपल्याकडे एकवचनी 'ती मुलगी' आणि अनेकवचनी 'ती मुले' यांचे सर्वनाम एकच असते. तसेच तेथे एकवचनी स्त्रीलिंगी आणि अनेकवचनी नपुंसकलिंगी रूप एकच होते. पुढे शेवटचे स्वर झिजले आणि चारही रूपे मिळून एकच 'झी' उरला. 'ती' आणि 'ते सगळे' यांत फरक करण्याचे काम क्रियापदावर आले. 'झी लेर्न्ट' म्हणजे ती शिकते, 'झी लेर्नेन' म्हणजे ते शिकतात. येथपर्यंत कोणाचाही हेतू नव्हता.

दुसरा भाग, म्हणजे मानार्थी 'झी', ध्वनींचा नाही. तो दरबाराचा, सरंजामदारांचा आणि नोकर-मालकांचा इतिहास आहे.

८. आदराची चढती पायरी

आरंभी जर्मानिक समाजात एका माणसाला एकच संबोधन होते : 'डू'. राजा असो वा गुराखी. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात सम्राट स्वतःला 'आम्ही' म्हणू लागले आणि प्रजा त्यांना अनेकवचनात संबोधू लागली. ती रीत लॅटिनमार्फत जर्मन भाषिकांत आली. नवव्या शतकात वाइसनबुर्गच्या मठातील ओटफ्रीड या भिक्षूने आपल्या काव्याच्या अर्पणपत्रिकेत कॉन्स्टान्सच्या बिशपला अनेकवचनी 'ईअर' वापरले, हे या प्रथेचे जुने उदाहरण मानले जाते. मध्ययुगात सरदार एकमेकांना 'ईअर' म्हणत, शेतकरी एकमेकांना 'डू' म्हणत. वरचा खालच्याला 'डू' म्हणे, खालचा वरच्याला 'ईअर'. मराठीतील 'तू' आणि 'तुम्ही' यांची जोडी अगदी अशीच चालते.

पण आदराचे शब्द चलनासारखे असतात. सर्वांच्या हाती आले की त्यांचे मोल घसरते. 'ईअर' सर्रास झाला तेव्हा सतराव्या शतकात त्याहून वरची पायरी शोधली गेली : समोरच्याशी बोलताना जणू तो समोर नाहीच, असे तृतीय पुरुषात बोलायचे. 'महाशय बसतील का? त्याला काय हवे?' अशा धर्तीवर पुरुषाला 'एअर' आणि स्त्रीला एकवचनी 'झी' सुरू झाले. कचेरीत 'साहेब आज येणार का?' असे साहेबांनाच विचारणारे आपण ही रचना चांगली ओळखतो.

त्याच्याही वर जाण्यासाठी सतराव्या शतकाच्या अखेरीस तृतीय पुरुषाचे अनेकवचन आले. 'आपली कृपा', 'आपली महती' अशा पदव्यांनी बड्या लोकांना संबोधत आणि त्यांच्याबरोबर क्रियापद अनेकवचनी वापरत. त्यातून अनेकवचनी 'झी' मानार्थी झाला. हिंदीतील 'आप हैं' पाहा. तेथेही समोरच्याशी बोलताना क्रियापद तृतीय पुरुषी अनेकवचनाचेच असते. मानार्थी 'झी' बरोबर 'लेर्नेन' का येते, याचे उत्तर हे आहे.

अठराव्या शतकात या सगळ्या पायऱ्या एकाच वेळी वापरात होत्या. लाइपझिगचा व्याकरणकार गोटशेड याने त्यांची क्रमवारीच लावली : 'डू' नैसर्गिक, 'ईअर' जुन्या सभ्यतेचा, 'एअर' मधल्या सभ्यतेचा, 'झी' नव्या सभ्यतेचा, आणि त्यावर 'डीझेल्बेन' म्हणजे अतिसभ्यतेचा. त्या काळी मोलकरणीशी बोलताना मालक 'हाट झी' म्हणे आणि बाईसाहेबांशी बोलताना 'हाबेन झी'. सर्वनाम तेच. माणसाची पायरी ठरवत होता तो केवळ क्रियापदाचा प्रत्यय.

'एअर' आता वरून खाली घसरला आणि नोकर, सैनिक, कारागीर यांच्यासाठी उरला. गेओर्ग ब्यूखनर १८३७ मध्ये वारला तेव्हा 'वॉयझेक' हे त्याचे नाटक अपूर्ण राहिले. त्यातील कप्तान आपल्या गरीब शिपायाला 'एअर' म्हणतो. प्रेक्षकाला तेवढ्या एका शब्दावरून दोघांमधील अंतर कळते. एकोणिसाव्या शतकात ही मधली रूपे मागे पडली आणि 'डू' व 'झी' या दोनच पायऱ्या उरल्या. स्वित्झर्लंडमधील बर्नसारख्या भागांत मात्र एका व्यक्तीला आदराने 'ईअर' म्हणण्याची जुनी रीत बोलीत अजून आहे.

या सर्व काळात एक संबोधन बदलले नाही. ईश्वराला जर्मन माणूस कायम 'डू' म्हणत आला. मार्टिन लुथरच्या १५३४ च्या संपूर्ण बायबलमध्येही तसेच आहे. आपल्याकडेही विठ्ठलाला 'तू'च म्हणतात.

९. विसावे शतक आणि आजचा विद्यार्थी

दोन पायऱ्या उरल्या, म्हणून प्रश्न संपला नाही. कामगार चळवळीत सहकारी एकमेकांना 'डू' म्हणत, त्यात समतेचा दावा होता. विद्यापीठांत मात्र १९६० च्या दशकापर्यंत विद्यार्थीसुद्धा एकमेकांना 'झी' म्हणत. १९६८ च्या विद्यार्थी चळवळीने हे बदलले. आज विद्यार्थी एकमेकांना सहज 'डू' म्हणतात, प्राध्यापकांना 'झी'.

पण त्याच दशकांत 'डू'ची दुसरी बाजूही दिसत होती. १९५५ मध्ये इटलीशी करार करून पश्चिम जर्मनीने परदेशी कामगार आणण्यास सुरुवात केली. पुढे तुर्कस्तान व इतर देशांशी करार झाले आणि १९७३ मध्ये ही भरती थांबवण्यात आली. अपरिचित जर्मन माणसाला 'झी' म्हणणारे अनेक लोक कारखान्यांत, दुकानांत आणि कचेऱ्यांत या प्रौढ कामगारांना 'डू' म्हणत. विद्यार्थ्यांच्या सभेतील 'डू' आणि कचेरीच्या खिडकीतील 'डू' यांचा उच्चार एकच होता, अर्थ उलट होता. पहिला परस्परांचा होता, दुसरा एकतर्फी.

ओळख पटवण्याची कसोटी हीच आहे : समोरच्याला तोच शब्द उलट वापरता येतो का? येत असेल तर ती जवळीक, येत नसेल तर ती पायरी. ही कसोटी आपल्या घरात, वसतिगृहात, उपाहारगृहातील मुलाशी आणि सफाई कामगाराशी बोलतानाही लावून पाहण्यासारखी आहे.

व्यवहारात काय करावे? अपरिचित प्रौढाशी 'झी'ने सुरुवात करावी. 'डू'वर येण्याचा प्रस्ताव सहसा वयाने किंवा पदाने मोठी व्यक्ती मांडते, तो येईपर्यंत थांबावे. शाळेतही वरच्या वर्गांत, साधारण सोळाव्या वर्षापासून, शिक्षक विद्यार्थ्यांना 'झी' म्हणू लागतात. म्हणजे तेथे 'झी' हा प्रौढत्वाचा स्वीकारही असतो. आज्ञार्थातही फरक आहे : 'कोम' म्हणजे ये, 'कोमेन झी' म्हणजे या. मानार्थी आज्ञेत सर्वनाम गाळता येत नाही. पत्रात 'डू'चे पहिले अक्षर मोठे लिहावे की लहान, यावरही वाद झाला. १९९६ च्या शुद्धलेखन सुधारणेने ते लहान केले, २००६ मध्ये मोठे लिहिण्याची मुभा परत मिळाली. मानार्थी 'झी'चे मोठे अक्षर मात्र कायम आहे.

१०. सारांश

जर्मन सर्वनामांच्या तक्त्यातील बहुतेक साम्ये आणि विसंगती ध्वनींच्या झिजेतून आल्या. 'लेर्न्ट' दोन घरांत सारखे असणे, 'श्प्रेखेन'चा स्वर बदलणे, 'ती' आणि 'ते' यांसाठी एकच 'झी' असणे, या सर्वांमागे कोणाचा निर्णय नव्हता. मानार्थी 'झी' आणि त्याचे अनेकवचनी क्रियापद मात्र समाजरचनेतून आले. कोण कोणाला काय म्हणेल हे माणसांनी ठरवले, आणि माणसांनीच ते अनेकदा बदलले. म्हणून पहिला भाग समजून घेऊन पाठ करावा. दुसरा भाग पाठ करून पुरणार नाही, तो समोरचा माणूस पाहून वापरावा लागतो.

स्वाध्याय

१. 'बिन', 'इस्ट' आणि 'वार' ही रूपे कोणत्या तीन धातूंशी संबंधित आहेत? प्रत्येकाचा एक मराठी सोबती शब्द द्या.

२. 'डू'च्या प्रत्ययातील ट कसा आला ते सोदाहरण स्पष्ट करा.

३. आपल्या मातृभाषेतील संबोधनाच्या पायऱ्या लिहा. त्यांपैकी कोणत्या परस्परांच्या आहेत आणि कोणत्या एकतर्फी, हे आपल्या आसपासच्या उदाहरणांवरून ठरवा.

४. 'झी लेर्न्ट' आणि 'झी लेर्नेन' या वाक्यांचे शक्य असलेले सर्व अर्थ लिहा आणि बोलताना संदर्भावरून योग्य अर्थ कसा कळेल ते सांगा.